पहिल्या वर्षाच्या काड्या

लेकीकडे अमेरिकेला जाताना बॅगेत काय काय भरलं, ते सांगत बसत नाही. तुमच्यापैकी ज्या जाऊन आल्यात, त्यांच्याही बॅगा तशाच असणार. मेतकूट, काळा मसाला, पापड, आणि मी तासगावची म्हणून दोन किलो बेदाणा. पण सगळ्यात तळाला, जुन्या टॉवेलात गुंडाळून, मी माझी छाटणीची कात्री ठेवली होती. हे हसले. म्हणाले, "तिथं काय तुझी बाग आहे होय?" मी म्हटलं, "लेकीची आहे. तीन झाडांची का असेना."

लग्न होऊन या घरात आले तेव्हा द्राक्षाची वेल आणि दोडक्याची वेल यातला फरकही मला धड कळत नव्हता. आता तीस वर्षं होऊन गेली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मधली विरळणी, शेंडे मारणं, काड्या बांधणं, सगळं हातातून गेलंय. बागेत बायकांच्या ओळीत मीही असते; बांधावर उभी राहून देखरेख करणारी मालकीण मी कधीच नव्हते. हे फुशारकीनं सांगत नाही. पुढं जे झालं ते याच फुशारकीपायी झालं, म्हणून सांगतेय.

2022 च्या मे महिन्यात मी पोचले. लेक-जावई ओरेगॉन राज्यात, पोर्टलंड शहराला लागून असलेल्या बीव्हर्टनमध्ये राहतात. घरामागं छोटंसं अंगण, त्याला लाकडी कुंपण, आणि कुंपणाला धरून तिनं आदल्या वर्षी लावलेली ब्लॅकबेरीची तीन झाडं. ती लावली त्याच वर्षी, म्हणजे 2021 च्या जूनअखेरीला, पोर्टलंडला पारा 46 अंशांच्या वर गेला होता. आपल्याकडं मे महिन्यातसुद्धा इतकं ऊन क्वचितच पडतं, आणि तिथं तर कित्येक घरांत एसीही नसतो. ही बाई त्या उन्हात रोपांवर चादरीची सावली धरून उभी. मला फोनवर म्हणाली, "आई, माझी पोरं करपतील गं." मी इकडं गप्पच राहिले. तिच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. एकदा मोठे उपचार होऊन गेले होते, पुढं आणखी एकदा झाले. दोन्ही वेळा पदरात काही पडलं नाही. त्या विषयावर आम्ही मायलेकी बोलत नव्हतो. मी विचारायची नाही आणि ती सांगायची नाही, असं न ठरवता ठरून गेलं होतं.

आता आधी ब्लॅकबेरी म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही तिथं जाईपर्यंत जॅमच्या बाटलीवरच्या चित्रापलीकडं काही माहीत नव्हतं. लांबून पाहिलं की महाबळेश्वरच्या बाजारात मिळते ती तुतीच वाटते. पण तुतीचं झाड होतं आणि तिचं कुळही वेगळं. ब्लॅकबेरी ही गुलाबाच्या कुळातली. जमिनीतून लांबलचक काड्या येतात, वाकतात, पसरतात. पांढरी, कधी फिकट गुलाबी फुलं येतात, अगदी रानगुलाबासारखी. फळ म्हणजे बारीक बारीक मण्यांचा घोस; प्रत्येक मण्यात एक बी. सीताफळातही अशाच वेगवेगळ्या पाकळ्या एकत्र होऊन एक फळ होतं, तसंच हे. आणि रासबेरी-ब्लॅकबेरीतला फरक ओळखायची सोपी खूण लेकीनं सांगितली : तोडल्यावर रासबेरी टोपीसारखी पोकळ निघते, ब्लॅकबेरीचा मधला पांढरा गाभा फळातच राहतो.

तिच्या अंगणातली जात बिनकाट्याची, 'ट्रिपल क्राउन' नावाची. पण मी पहिल्यांदा चाखली ती काट्याची, रानातली. ऑगस्टमध्ये संध्याकाळी फिरायला निघालं की रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, रेल्वेच्या रुळांशेजारी नुसत्या काळ्याभोर जाळ्या. मला एकदम माहेर आठवलं. मामाच्या गावाला आम्ही करवंदांच्या जाळीत शिरायचो आणि फ्रॉक फाडून घेऊन यायचो, आजी ओरडायची. इथं मी साठीला आलेली बाई, पंजाबी ड्रेसची ओढणी काट्यात अडकवून उभी, आणि जावई शेजारी डबा धरून!

या रानटी ब्लॅकबेरीचं तिथलं नाव ऐकून तर मी थक्कच झाले. हिमालयन ब्लॅकबेरी. म्हटलं, चला, आपल्याकडची निघाली! तर तसंही नाही. ल्यूथर बरबँक म्हणून कॅलिफोर्नियात एक मोठे रोपतज्ज्ञ होऊन गेले. त्यांच्याकडं हिचं बी आलं ते भारतातून आल्याचं ते समजत होते, म्हणून 1885 साली त्यांनी 'हिमालया जायंट' या नावानं ती बाजारात आणली. मूळची ती आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची, हे नंतर कळलं, पण चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. एवढ्या हौसेनं आणलेली बाई इतकी माजली, की आज ओरेगॉन सरकारनं तिला उपद्रवी तणांच्या यादीत घातलंय. काडीचा शेंडा वाकून जमिनीला टेकला की तिथं मूळ धरतो आणि नवं झाड उभं. तिच्या जाळ्या साफ करायला लोक तिथं चक्क शेळ्या भाड्यानं आणतात. खोटं नाही सांगत. ट्रकमधून शेळ्या येतात, भोवती विजेच्या तारेचं तात्पुरतं कुंपण होतं, आणि चार दिवसांत जाळी साफ. यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आपल्या वस्तीवरच्या शेळ्यांना व्हिसा मिळेल का, विचार."

अंगणातल्या झाडांचं मात्र सगळं लाडानं. ऊन भरपूर हवं. दोन झाडांत पाच-सहा फूट अंतर. मागं दोन तारा, एक कमरेच्या वर आणि एक डोक्याच्या उंचीला, त्यांवर काड्या बांधायच्या. बुंध्याशी लाकडाच्या भुशाचा जाड थर, म्हणजे ओल टिकते. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि ऐन फळाच्या दिवसांत आभाळ कोरडं, त्यामुळं पाणी आपणच द्यायचं. हे सगळं मला कळण्यासारखं होतं. तारा, बांधणी, ठिबक, आपलंच तर काम! लेक सुतळीनं काड्या बांधत होती, तर मी म्हटलं, "अगं, काचेल तिला." माझी एक जुनी सुती साडी फाडून पट्ट्या केल्या आणि त्यांनी बांधून दिलं. शेजारच्या आजी कुंपणावरून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीही माझ्याकडनं चार पट्ट्या मागून नेल्या.

त्या ऑगस्टला पहिलं पीक आलं. फळ काळं झालं म्हणून लगेच तोडायचं नाही, हा पहिला धडा. चमकतंय तोवर आंबटच. चमक जाऊन काळा रंग जरासा मंद झाला आणि हात लावल्यावर अलगद सुटून हातात आलं, की ते पिकलं. तोडल्यावर पुढं पिकत नाही; आढी घालायची सोय नाही. आणि दिवसाआड तोडायलाच हवं, नाहीतर एक बारीक माशी पिकत्या फळात अंडी घालते. सकाळी चहा झाला की मी आणि लेक वाडगं घेऊन बाहेर. निम्मी फळं वाडग्यात, निम्मी तोंडात. त्या तीन आठवड्यांत ती जितकी हसली, तितकी मी तिला कित्येक वर्षांत हसताना पाहिली नव्हती.

जॅमही केला. तिथल्या बाया बियांसकट करतात, आपल्याला दाताखाली बारीक खडे आल्यासारखं वाटतं. मी फळं थोडी शिजवून पुरणाच्या चाळणीतून गाळून घेतली, गराच्या पाऊणपट साखर, शेवटी लिंबाचा रस. झकास झाला. कच्च्या लाल फळांचं करवंदासारखं लोणचंही घालून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याचं पिठलं झालं होतं, त्याबद्दल अधिक बोलत नाही.

सप्टेंबर उजाडला, फळं संपली. लेक सकाळी कामाला निघताना म्हणाली, "आई, वेळ मिळाला तर फळं येऊन गेलेल्या काड्या बुडातून कापून टाकशील?" मी हो म्हटलं. खरं सांगू का, मी ऐकलंच नव्हतं. छाटणी मला शिकवणारी ही कोण, असंच कुठंतरी मनात असणार.

कात्री काढली आणि झाडांपुढं उभी राहिले. दोन प्रकारच्या काड्या होत्या. काही तपकिरी झालेल्या, वाळक्या देठांनी भरलेल्या. त्यांनीच सगळं फळ दिलं होतं. आणि काही हिरव्यागार, अंगठ्याएवढ्या जाड, आठ-आठ, दहा-दहा फूट वाढलेल्या, पण अख्ख्या उन्हाळ्यात ज्यांना एक फूलसुद्धा आलं नव्हतं. आमच्या बागेत ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांत घड दिसायला लागतात. ज्या फुटीला घड नाही, ती काढून टाकायची. उगाच पाणी आणि खत खाते, घडांवर सावली करते. तीस वर्षं हाताला तीच सवय. मी एकेक करून त्या हिरव्या काड्या मुळापासून कापल्या. अकरा भरल्या. जुन्या काड्यांचे नुसते शेंडे कमी केले, की पुढच्या वर्षी पुन्हा धरतील म्हणून. तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात भरले, अंगण झाडलं, आणि अगदी समाधानानं चहा टाकला.

लेक आली, मागचं दार उघडलं आणि तिथंच थांबली.

"आई, काय केलंस?"

मी आतूनच, चहा गाळता गाळता म्हणाले, "वांझ काड्या काढून टाकल्या बघ सगळ्या. नुसतं पाणी पीत होत्या."

तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला आणि माझा मलाच ऐकू आला. आमच्या बागेत तो दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. वांझ फूट काढ गं. त्या ओळीतल्या वांझ फुटी राहिल्यात बघ. कृषी खात्याच्या पुस्तिकेतही असतो. पण त्या स्वयंपाकघरात तो शब्द पडला आणि तसाच पडून राहिला. लेक काही बोलली नाही. वर निघून गेली. जावयानं माझ्याकडं पाहिलं नाही. रात्री तिघांनी जेवताना वरणात मीठ जास्त झालंय का, यावर चर्चा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच मला अंगणात नेऊन समजावलं, अगदी शांतपणे, शाळेतल्या बाईंसारखं. ब्लॅकबेरीचं मूळ वर्षानुवर्षं जगतं, पण काडीचं आयुष्य दोनच वर्षांचं. पहिल्या वर्षी ती फक्त वाढते, पानं धरते, जाड होते. मग हिवाळ्याची थंडी खाते. दुसऱ्या वर्षी तिला फूल येतं, फळ येतं आणि फळ दिल्यावर ती मरते. पहिल्या वर्षीच फळणाऱ्या काही नव्या जाती निघाल्यात, पण तिची त्यातली नव्हती. मी ज्या राखल्या होत्या, त्या मरायलाच टेकलेल्या होत्या. मी ज्या कापल्या, त्या पुढच्या ऑगस्टच्या होत्या.

मला सगळ्यात लाज कशाची वाटली सांगू? हे मला कळायला हवं होतं. द्राक्षाचं काय वेगळं असतं? एप्रिलच्या छाटणीनंतर जी काडी फुटते, तिच्यावर त्या उन्हाळ्यात आपण घड शोधत नाही. चाळीस-साठ दिवसांत तिच्या डोळ्यांच्या आत घड तयार होत असतो, वरून काही दिसत नाही. ऑक्टोबरची छाटणी करण्याआधी आम्ही काड्या प्रयोगशाळेत पाठवतो, तिथं डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली आत घड आहे की नाही ते बघून सांगतात. पैसे मोजून तपासून आणतो! आणि इथं मात्र नुसत्या नजरेनं बघितलं आणि लावली कात्री.

ऑक्टोबरमध्ये मी परत आले. विमानतळावर लेकीनं मिठी मारली, सगळं काही नेहमीसारखं होतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये फोनवर विचारायचा धीर होत नव्हता, तरी विचारलं, "बेरी?" ती म्हणाली, "या वर्षी नाहीत गं. पण नव्या काड्या छान आल्यात."

मधली एक गोष्ट राहिली. 2022 ला मी परतले तेव्हा आमच्या बागेत नेमकं बिनघडाच्या फुटी काढायचं काम चालू होतं. पहिल्याच दिवशी ओळीतून हाक आली, "वैनी, इकडं वांझच लई हायत यंदा." माझा हात थांबला. पलीकडच्या ओळीत एक बाई काम करत होती. अठरा वर्षं आमच्याकडं येते. तिला मूल नाही. नवऱ्यानं दुसरी केली आणि ही भावाकडं राहते. अठरा वर्षं, दर हंगामाला, तिच्या कानावर तो शब्द पडत होता. त्यातले निम्मे वेळा माझ्या तोंडचे. त्यात मला कधी काही वाटलं नव्हतं. स्वतःच्या लेकीला लागला तेव्हा कळला.

मी म्हटलं, "आजपासनं बिनघडाची म्हणायचं." बायका खो खो हसल्या. अमेरिकेला जाऊन आल्यापासनं वैनींची भाषा बदलली म्हणाल्या. आठवडाभर मुद्दाम चिडवत होत्या. जुनं वळण आहे, अजूनही अधूनमधून कुणाच्या तोंडून निघतोच. ती बाई काही म्हणाली नाही. पण संध्याकाळी डबा धुताना माझ्या शेजारी येऊन बसली, आणि पहिल्यांदाच तिनं मला विचारलं, "वैनी, तुमची लेक बरी हाय न्हवं?"

2024 ला पुन्हा गेले, एप्रिलमध्ये. आदल्या वर्षीच्या काड्यांना मे-जूनमध्ये पांढरी फुलं लागली आणि जुलैत फळांनी तारा खाली आल्या. एका बाजूनं फळ धरलेल्या काड्या, दुसऱ्या बाजूनं नव्या वाढणाऱ्या. नव्या छातीएवढ्या झाल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात आणि पुढच्या वर्षी फळ वाढतं. तेव्हा खुडताना आम्ही दोघी जाळीच्या दोन बाजूंना होतो, एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. बोलायला तीच जागा बरी होती. मी म्हटलं, "त्या वेळी तो शब्द माझ्या तोंडून जायला नको होता."

जरा वेळानं पलीकडून आवाज आला, "मला त्या काड्यांचंच जास्त वाईट वाटलं होतं गं आई."

खोटं बोलत होती. ते मला कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं असणार. मग ती म्हणाली, "आम्ही थांबवलंय सगळं. मार्चपासून. आता नाही करायचं काही. बरं वाटतंय." मी "बरं" म्हणाले. आणखी काय म्हणणार? पुढची काडी हातात घेतली. मनात हजार गोष्टी आल्या, मावशीच्या सुनेला बाराव्या वर्षी झालं इथपासून. त्या सगळ्या मी गिळल्या. आयुष्यात गिळलेल्या गोष्टींत ती सगळ्यात अवघड.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडं ब्लॅकबेरी येईल का? आमच्या तासगावला तरी नाही. या जातींना फूल धरायला हिवाळ्यात बराच काळ कडक थंडी लागते, ती आपल्या सपाटीवर मिळत नाही. मी एका नर्सरीतून हौसेनं 'ब्लॅकबेरी' म्हणून रोप मागवलं होतं. चार पानं फुटल्यावर कळलं, तुती! आता ती परसदारी माझ्या डोक्याच्या वर गेलीये आणि शेजारची पोरं मार्चमध्ये कपडे जांभळे करून घेतात. तुम्ही मागवलंत तर आधी पान बघा. ब्लॅकबेरीचं पान गुलाबासारखं तीन किंवा पाच पानांचं मिळून असतं, तुतीचं एकेकटं.

पानांची ही खूण आणखी एका कामाची आहे. पहिल्या वर्षाच्या काडीवर बहुतेक पाच-पाचाची पानं, फळाच्या काडीवर तीन-तीनाची. शिवाय फळाची काडी तपकिरी होते. तरीही चूक नको म्हणून लेक आता फळाच्या काड्यांना माझ्या साडीची लाल पट्टी बांधते.

2025 च्या सप्टेंबरमध्ये तिनं अंगणातून व्हिडिओ कॉल केला. मुद्दाम पट्ट्या काढून ठेवल्या होत्या. म्हणाली, "आई, परीक्षा. कुठल्या कापू?" मी चष्मा लावून फोन डोळ्याजवळ धरला. ती एकेक काडी हलवून दाखवत होती, मी सांगत होते. चार बरोबर सांगितल्या. पाचवी चुकले. पण तिची पानं फोनमध्ये नीट मोजताच येत नव्हती.